आधी घरपट्टी, मग सल्लामसलत

लोकांनी आपणहून ठरवलेला कर पाच शिलिंगांचा असला तरी ते तो खुशीने देतील, आणि आपण हुकमाने बसवलेला कर सहा पेन्सांचा असला तरी देताना कुरकुरतील. लंडनमध्ये बसून ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार हाकणाऱ्या सर जोसाया चाइल्डने १६८७ साली अशा अर्थाचा हिशेब मांडला आणि त्यातून मद्रासची नगरपालिका जन्माला आली. ब्रिटनबाहेरच्या राष्ट्रकुलातली सर्वांत जुनी नगरपालिका म्हणून चेन्नई आज जिचा अभिमानाने उल्लेख करते, तिची कुळकथा ही अशी वसुलीच्या अडचणीतून सुरू होते.

हा आरंभ लक्षात ठेवला म्हणजे पुढची सव्वातीनशे वर्षे समजायला सोपी जातात. शहराच्या कारभाराबद्दल शहरात राहणाऱ्यांना विचारावे, ही कल्पना मद्रासमध्ये पुन्हा पुन्हा पुढे आली. प्रत्येक वेळी राज्यकर्त्यांना लोकांकडून काहीतरी हवे होते: कधी कर, कधी साफसफाई, कधी केंद्राचे अनुदान मिळवण्यापुरती कागदोपत्री पूर्तता. आणि प्रत्येक वेळी तेच दोन प्रश्न उरले. विचारायचे ते नेमके कोणाला? आणि त्यांनी सांगितले ते ऐकले नाही, तर जाब कोणी द्यायचा?

मराठी वाचकाला चावडी सांगावी लागत नाही. पाटील-कुलकर्णी बसतात ती, सारा जमा होतो ती, तंटे तुटतात ती. तमिळमध्येही हाच शब्द आहे आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘चौल्ट्री’ झाला. किल्ल्याच्या उत्तरेला देशी लोकांची जी वस्ती होती, जिला इंग्रज ब्लॅक टाउन म्हणत, तिथल्या चावडीवर गावचा अधिकारी बसे, हिशेबाला कणक्कपिळ्ळै असे, म्हणजे आपल्याकडचा कुलकर्णीच, आणि रखवालीचे काम पेद्दनायकाकडे असे. १६७८ मध्ये गव्हर्नर स्ट्रेन्शॅम मास्टरने या चावडीच्या न्यायासनावर कंपनीचे इंग्रज नोकर बसवले. गावकीचा कारभार तेव्हापासून किल्ल्याच्या हातात सरकू लागला.

तो काळही धामधुमीचा होता. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर जिंजी-वेल्लोरपर्यंत आले होते, आणि मद्रासच्या इंग्रजांकडे औषधे व विषावरचे उतारे मागणारे त्यांचे पत्र किल्ल्यात पोहोचले होते. इंग्रजांनी ते आदबीने पाठवलेही, पण मनातली धास्ती गेली नाही. किल्ल्याला भिंत होती; वस्तीच्या संरक्षणाचे काय, आणि त्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न होता. कंपनीचे उत्तर सरळ होते. संरक्षण ज्यांचे होते त्यांनीच पैसे द्यावेत. रस्ते झाडण्यासाठी घरांवर लहानसा कर मास्टरच्या काळात बसला होताच. तटबंदी आणि शिबंदीच्या खर्चासाठी घरपट्टी वसूल करायची ठरली तेव्हा मात्र वस्ती बिथरली. १६८६ च्या सुरुवातीला दुकाने बंद झाली, कामे थांबली. कंपनीने जातीजातींच्या प्रमुखांना बोलावून दम भरला, घरे विकून टाकण्याच्या धमक्या दिल्या. बंद मोडला, पण पैसा सुखासुखी हाती येईना. चाइल्डचा तो हिशेब या पार्श्वभूमीवर आलेला आहे.

३० डिसेंबर १६८७ च्या सनदेने नगरपालिका स्थापन झाली आणि २९ सप्टेंबर १६८८ रोजी थाटात तिचे उद्घाटन झाले. नॅथॅनिएल हिगिन्सन पहिला महापौर झाला. त्याच्यासोबत बारा आल्डरमन आणि साठ बर्जेस अशी रचना होती. त्या बारा जणांत कंपनीचे इंग्रज नोकर होते, पोर्तुगीज होते, हिऱ्यांचा व्यापार करणारे ज्यू होते आणि चिन्न वेंकटाद्री, मुद्दु वीरण्णा व आळंगात्त पिळ्ळै हे तीन हिंदू व्यापारीही होते. बर्जेसांमध्ये जातींच्या प्रमुखांना जागा होत्या. सतराव्या शतकाचा विचार करता ही मंडळी एका टेबलाभोवती बसावीत, हे नवलच होते.

पण ही मंडळी कोणी निवडली? पहिल्या आल्डरमनांची नावे वरूनच ठरून आली होती. विणकर, रंगारी, हमाल, मुकुवर कोळी, म्हणजे ज्यांच्या घरांवर कर बसणार होता त्यांतल्या बहुतेकांना आपल्या जातीच्या प्रमुखामार्फतच जे काय बोलायचे ते बोलावे लागे. प्रमुखाचे हितसंबंध कंपनीच्या व्यापारात गुंतलेले असत. नगरपालिकेच्या डोक्यावर किल्ल्यातला गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल होतेच. लाल झगे घालून मिरवणूक निघाली, सभा भरू लागल्या, परंतु चाइल्डला अपेक्षित होता तसा पैशाचा ओघ काही सुरू झाला नाही. लोकांना सहीसाठी बोलावले आहे की मतासाठी, हे लोकांना बरोबर कळते.

याच काळातला एक वेगळा प्रसंग सल्ल्याची ताकद दाखवतो. १७०७ मध्ये मद्रासच्या उजव्या आणि डाव्या हाताच्या जातींमध्ये, म्हणजे दक्षिणेतल्या त्या दोन जुन्या जातगटांमध्ये, रस्त्यांवरून आणि मिरवणुकींवरून मोठा तंटा पेटला. गव्हर्नर थॉमस पिटला हुकूम सोडून तो मिटवता आला नाही. शेवटी दोन्ही बाजूंचे पंच बसवून कोणता रस्ता कोणाचा याची वाटणी करावी लागली, आणि हद्दीचे दगड रोवावे लागले. गल्लीतली हद्द कुठे आहे हे गल्लीतल्या माणसालाच ठाऊक असते. कितीही अधिकार हाती असला तरी किल्ल्यातून ती दिसत नाही. त्या वाटणीने जातीच्या भिंती आणखी पक्क्या केल्या, हेही खरे. स्थानिक माणसाला स्थानिक गोष्टी अचूक माहीत असतात, याचा अर्थ तो सर्वांच्या वतीने न्यायाने बोलतो असा होत नाही. या इतिहासात ही गाठ पुढेही सुटलेली दिसत नाही.

१७२६ ची नवी सनद आली तेव्हा आल्डरमनांची संख्या नऊवर आणली गेली आणि त्यांतले सात जन्माने ब्रिटिश प्रजाजन असलेच पाहिजेत अशी अट पडली. चाइल्डच्या कल्पनेतले बहुभाषी टेबल चाळीस वर्षांत आटोपले. त्यानंतर बराच काळ शहराच्या झाडलोटीचा, दिवाबत्तीचा आणि कराचा कारभार सरकारने नेमलेल्या मोजक्या लोकांकडे राहिला.

पुढचा फेरा एकोणिसाव्या शतकातला. १८६७ च्या कायद्याने मद्रासचे आठ विभाग पाडले आणि प्रत्येक विभागातून चार असे बत्तीस कमिशनर नेमले. नेमणूक सरकारची. १८७८ मध्ये त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडावेत असे ठरले. मुंबईत चौसष्टपैकी बत्तीस सभासद करदात्यांच्या मतांनी निवडण्याची तरतूद १८७२ मध्येच झाली होती. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. नगरपालिका ही लोकांच्या राजकीय शिक्षणाची शाळा आहे, कारभारात चुका झाल्या तरी हरकत नाही, लोकांना शिकू द्या, असा त्याचा आशय होता. मद्रासने दोन वर्षांत बत्तीसपैकी चोवीस जागा निवडणुकीच्या केल्या. १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या महापालिकेच्या पांढऱ्याशुभ्र इमारतीला रिपनचेच नाव दिले गेले.

मात्र ती इमारत पुरी होण्याआधीच शाळेची दारे थोडी लोटली गेली होती. १९०४ च्या कायद्याने सभासद छत्तीस केले, पण विभागांतून निवडून येणारे फक्त वीस ठेवले. उरलेल्या जागा व्यापारी संस्था, विद्यापीठ आणि सरकार यांच्याकडे गेल्या. ‘जाणकारांना’ जागा हवी, असा युक्तिवाद होता. निवडून आलेल्यांपेक्षा नेमलेले जाणकार बरे, हे म्हणणे आपल्याला आजही ऐकू येते. आणि निवडणाऱ्यांची संख्या तरी किती? ठरावीक कर भरणाऱ्यालाच मत होते. भाड्याच्या खोलीत राहणारा गिरणीकामगार, कूवम नदीच्या काठावर झोपडी असलेली धुणेवाली, रस्ते झाडणारा स्वतः, यांच्यापैकी कोणी ‘रहिवासी’ नव्हते.

तरीही निवडणुकीने फरक पडला, आणि तो एका लहानशा ठरावात दिसतो. १९१९ च्या कायद्यानंतर पी. त्यागराय चेट्टी महापालिकेच्या अध्यक्षपदी होते. सप्टेंबर १९२० मध्ये महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या एका शाळेत मुलांना दुपारचे जेवण द्यायचे ठरवले. खर्च दर मुलामागे एक आण्याहून अधिक नसावा, ही मर्यादा होती. गरिबाची पोरे उपाशीपोटी शाळेत टिकत नाहीत, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. त्या भागात वावरणाऱ्या नगरसेवकाला ते दिसत होते. शिक्षणनिधीतून जेवणावर खर्च करायला सरकारने पुढे हरकत घेतली आणि १९२५ मध्ये ती योजना थांबली. पण तमिळनाडूच्या पुढच्या साऱ्या मध्यान्ह भोजनाचा उगम शोधत गेले की आपण त्या एक आण्यापाशी येऊन थांबतो.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला. आता तरी प्रश्न सुटला असे वाटावे, तर १ डिसेंबर १९७३ रोजी राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. कारण हजेरीपटांतला गैरव्यवहार. कामावर नसलेल्या मजुरांच्या नावे पैसे उचलले गेले होते. गैरव्यवहाराची चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्यानंतर निवडणूक झाली ती १९९६ मध्ये. पूर्ण तेवीस वर्षे देशातल्या चार महानगरांपैकी एक असलेले हे शहर विशेष अधिकाऱ्यांनी चालवले. त्या काळात जन्मलेले मूल नगरसेवक म्हणजे काय हे न पाहता मतदानाच्या वयाचे झाले.

याच दशकात शहराचे एकेक काम महापालिकेच्या हातून निघून गेले. झोपडपट्ट्यांसाठी वेगळे मंडळ झाले, नगररचनेसाठी महानगर विकास प्राधिकरण झाले, १९७८ मध्ये पाणी आणि सांडपाण्यासाठी मेट्रोवॉटर झाले. ही मंडळे वाईट होती असे नाही. मेट्रोवॉटरच्या विभाग कार्यालयांत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ग्राहकांसाठी खुली बैठक भरते, आणि पाण्याच्या तक्रारी तिथे समोरासमोर मांडता येतात. पण नळाला पाणी का नाही, हे विचारायचे एका दारात. गटार का तुंबले, हे दुसऱ्या दारात. आणि शेजारच्या तळ्यावर इमारत कशी उठली, हे तिसऱ्या दारात. पाण्याला मात्र या तिन्ही खात्यांच्या हद्दी ठाऊक नसतात.

नगरसेवक नाहीत, अधिकारी दूर, आणि गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एम. बी. निर्मल या बँक अधिकाऱ्याने सुरू केलेल्या ‘एक्स्नोरा’ या संस्थेने यावर एक साधा उपाय काढला. एका गल्लीतल्या घरांनी मंडळ करायचे, दरमहा थोडी वर्गणी काढायची, तीनचाकी गाडी घ्यायची आणि कचरा उचलणारा माणूस नेमायचा. त्याला ‘रस्ता सुंदर करणारा’ असे सन्मानाचे नाव द्यायचे. तो घरोघरचा कचरा उचलून महापालिकेच्या कचराकुंडीपर्यंत नेई. ही रीत शहरभर पसरली. मंडळे कचऱ्यापाशी थांबली नाहीत. त्यांनी झाडे लावली, दिवे मागितले, पावसाच्या पाण्याचा निचरा, रस्त्याची उंची, पदपथ यांवर अधिकाऱ्यांशी चर्चा सुरू केली. निवडून आलेली सभा नसलेल्या शहरात ही मंडळे न सांगताच सल्लागार समित्या बनली.

त्यांचे यश नाकारता येत नाही, तसा त्यांचा तोकडेपणाही. वर्गणी देऊ शकणाऱ्या गल्लीत मंडळ होते. न देऊ शकणाऱ्या गल्लीत होत नव्हते. चेन्नईच्या रहिवासी संघटनांचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट ठळकपणे नोंदवली आहे. मध्यमवर्गीय माणूस थेट अधिकाऱ्याकडे जातो, अर्ज लिहितो, इंग्रजीत बोलतो, नगरसेवकाला टाळतो. गरीब माणूस नगरसेवकाकडे, पक्षाच्या कार्यकर्त्याकडे जातो, कारण त्याच्याजवळ देण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मत. तेव्हा नगरसेवकाला वगळून रहिवासी संघटनांचाच सल्ला घेणारी व्यवस्था वरवर लोकाभिमुख दिसली, तरी तिच्यात गरिबाचा आवाज आणखी बारीक होऊ शकतो. नदीकाठ स्वच्छ व्हावा ही मागणी रास्तच. पण त्या मागणीच्या बैठकीत नदीकाठी राहणारा कोणी नसेल, तर ‘स्वच्छ’ या शब्दात त्याचे घरही येते. कूवम आणि बकिंगहॅम कालव्याच्या काठावरची हजारो कुटुंबे गेल्या पंचवीस वर्षांत कण्णगी नगर आणि पेरुंबाक्कम अशा शहराच्या टोकावरच्या वसाहतींत हलवली गेली. रोजीरोटी मात्र जुन्या वस्तीपाशीच राहिली. ही माणसे शहराची रहिवासी होतीच. पण ‘रहिवासी संघटना’ म्हणताना जे चित्र डोळ्यांपुढे येते त्यात ती नव्हती.

२००० साली शहराच्या तीन झोनमधला कचरा खासगी कंपनीकडे दिला गेला, आणि गल्लीतल्या मंडळांनी उभारलेली गाड्यांची व्यवस्था त्यानंतर बऱ्याच ठिकाणी विस्कटली. ज्यांच्या हाती ठरवण्याचा हक्क नसतो, त्यांनी दहा वर्षे चोख बजावलेले कामही एका निविदेत पुसले जाते.

दरम्यान दिल्लीत ७४ वी घटनादुरुस्ती झाली होती. १ जून १९९३ पासून ती लागू झाली. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे घटनेत लिहिले गेले. १९९६ मध्ये चेन्नईत निवडणूक झाली, मु. क. स्टालिन लोकांच्या थेट मतांनी महापौर झाले आणि समित्याही आल्या. पण त्या झोननिहाय. १५५ वॉर्ड, १० झोन. म्हणजे एका समितीत पंधरा-सोळा नगरसेवक आणि नागरिक एकही नाही. २०११ मध्ये शहराची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ वर गेली, वॉर्ड २०० आणि झोन १५ झाले. वाढीव हद्दीतली लोकसंख्या त्या वर्षीच्या जनगणनेनुसार सुमारे ६७ लाख. एका नगरसेवकामागे सरासरी तेहतीस हजार माणसे! गावात याहून कितीतरी कमी वस्तीला ग्रामसभा असते. शहरात ती नव्हती.

ती पोकळी भरण्यासाठी ‘नगरराज’ विधेयकाचा नमुना केंद्राने २००५ च्या सुमारास पुढे केला. प्रत्येक वॉर्डाची समिती, आणि वॉर्डाच्या लहान भागाची, तिथल्या सर्व मतदारांची क्षेत्रसभा. जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान अभियानाचे पैसे हवे असतील तर असा कायदा करा, अशी अट होती. चाइल्डची आठवण इथे यावी. फरक एवढाच, की या खेपेला पैसे दिल्लीकडून यायचे होते. तमिळनाडूने २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. पण कायदा चालवायला लागणारे नियम झाले नाहीत. एक वर्ष नाही, दोन नाही, बारा वर्षे. त्यातच २०१६ मध्ये संपलेल्या महापालिकेची पुढची निवडणूक फेब्रुवारी २०२२ पर्यंत झाली नाही. शहर पुन्हा पाच वर्षांहून अधिक काळ अधिकाऱ्यांकडे गेले.

या दुसऱ्या पोकळीची किंमत काय, हे पूर्व किनारा रस्त्यालगतच्या पट्ट्यात दिसले. डिसेंबर २०१५ च्या महापुरानंतर पावसाळी गटारांच्या मोठ्या योजना आल्या. त्यांतली एक कोवळम खोऱ्यातली. समुद्राकाठच्या वाळूच्या पट्ट्यातही काँक्रीटची गटारे घालायची असे ठरले. तिथले रहिवासी म्हणत होते की आमच्याकडे पाणी तुंबतच नाही, वाळू ते पिऊन टाकते, आमच्या विहिरी त्याच पाण्यावर जगतात, गटारे घातलीत तर गोडे पाणी समुद्रात जाईल आणि खारे पाणी आत येईल. हे ऐकायला नगरसेवक नव्हता, समिती नव्हती, क्षेत्रसभा नव्हती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले आणि महापालिकेला त्या पट्ट्यापुरता फेरविचार करावा लागला. वॉर्डातल्या सभागृहात एका संध्याकाळी सांगता आली असती अशी गोष्ट वकील लावून सांगावी लागली. ज्यांना वकील परवडत नाही अशा वस्तीतले कोणते पाणी कुठे वळवले गेले, त्याची नोंद कुठे सापडायची?

२०२२ च्या निवडणुकीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव होत्या, आणि उत्तर चेन्नईतल्या आर. प्रिया या शहराच्या पहिल्या दलित महिला महापौर झाल्या. त्याच वर्षी वॉर्ड समिती आणि क्षेत्रसभेचे नियमही आले. वॉर्डाचे सुमारे दहा भाग. प्रत्येक भागाची क्षेत्रसभा. प्रत्येक भागातून एक प्रतिनिधी वॉर्ड समितीवर. समितीच्या अध्यक्षस्थानी नगरसेवक. १ नोव्हेंबर २०२२ रोजी स्थानिक स्वराज्य दिनाच्या निमित्ताने राज्यभर क्षेत्रसभा भरल्या. मुख्यमंत्री झालेले स्टालिन स्वतः शेजारच्या तांबरम महापालिकेतल्या पम्मलच्या सभेला जाऊन बसले.

कागदावर ही साखळी चांगली आहे. समजा एका गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते. ते सभेत सांगितले जाते, इतिवृत्तात लिहिले जाते, प्रतिनिधी ते वॉर्ड समितीत मांडतो, समिती आपल्या वॉर्डाच्या गरजांचा क्रम लावते, तो क्रम झोनकडे आणि मग अर्थसंकल्पाकडे जातो. अधिकाऱ्याला नकाशावर गटाराची रेघ दिसते. त्या रेघेच्या कोणत्या टोकाला पाणी उलटे फिरते, हे तिथे राहणारी बाई सांगू शकते. सल्लागार समितीचा उपयोग हा एवढाच आहे, आणि तो थोडा नाही.

पण साखळीची पहिलीच कडी कच्ची आहे. हे प्रतिनिधी निवडणुकीने येत नाहीत, नेमणुकीने येतात. आणि नेमताना नगरसेवक आपल्याच पक्षाची माणसे भरतात, अशी तक्रार चेन्नईतल्या नागरी संघटना सुरुवातीपासून करत आल्या आहेत. १६८८ चे आल्डरमन आणि १८६७ चे कमिशनर इथे पुन्हा आपल्याला भेटतात. दुसरी अडचण साखळीच्या शेवटच्या कडीची. सभेने मागितले आणि महापालिकेने केले नाही, तर कारण लेखी द्यायचे की नाही? ते सभेपुढे वाचून दाखवायचे की नाही? सल्ला मानलाच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. तसे झाले तर मोठ्या आवाजाची गल्ली सारा निधी ओढून नेईल. पण न मानल्याचे कारण सांगण्याची सक्ती नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या सभेपासून खुर्च्या रिकाम्या पडू लागतात.

महाराष्ट्राने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. मुंबई महापालिकेने १९९७ मध्ये गल्लीनिहाय नागरिक गटांची योजना सुरू केली, तीही कचऱ्यापासूनच, आणि तीही मध्यमवर्गीय गल्ल्यांत अधिक रुजली. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी सुचवलेली लहान कामे अर्थसंकल्पात घेण्याची प्रथा आहे. क्षेत्रसभेचा कायदा महाराष्ट्राने तमिळनाडूच्याही आधी, २००९ मध्ये केला. पण आपल्या वॉर्डाची क्षेत्रसभा कधी भरली, हे मुंबई-पुण्यातल्या किती जणांना सांगता येईल? २०२२ च्या मार्चपासून या दोन्ही शहरांत प्रशासक आले आणि काही वर्षे राहिले. तेव्हा चेन्नईच्या तेवीस वर्षांची गोष्ट आपल्याला परक्या शहराची वाटू नये.

या इतिहासातून चेन्नईसाठी किंवा आपल्यासाठी काही मोठा सिद्धान्त काढायचा माझा विचार नाही. एवढे मात्र दिसते की समितीची रचना कितीही देखणी असली तरी तीन साध्या गोष्टींवर ती तरते किंवा बुडते. तिच्यावर माणसे कोण पाठवतो? भाडेकरू, झोपडीवाला, रस्ता झाडणारा यांना तिथे बोलावणे आणि जागा आहे का? आणि मागच्या सभेत मागितलेल्या कामांचे काय झाले, हे या सभेच्या सुरुवातीला कोणी उभे राहून सांगतो का? चेन्नईच्या क्षेत्रसभा अजून कोवळ्या आहेत. त्यांच्या इतिवृत्तांच्या वह्या आता कुठे भरू लागल्या आहेत. शहराचा इतिहास लिहिणाऱ्याने पन्नास वर्षांनी रिपन बिल्डिंगमधल्या ठरावांबरोबर या वह्याही उघडाव्यात. ‘मागणी’ या रकान्याशेजारी ‘उत्तर’ असा रकाना त्यांत आहे का, आणि तो भरलेला आहे का, हे पाहिले की त्याला बरेचसे कळेल.